वय ४ ते ७०, फिटनेस ते पदक : एवढं सगळं एका मार्शल आर्ट्स क्लासमध्ये मिळतं का?

चिंचपान (धागाकर्ती)

घरात चौघांना एकदम मार्शल आर्ट्सचं वेड लागलंय. धाकटी सात वर्षांची, तिला नुसत्या उड्या मारायच्यात. थोरला चौदाचा, त्याला स्पर्धा खेळायच्यात. मला वजन आणि पाठ दोन्ही ताळ्यावर आणायचंय, शिवाय कामावरून उशिरा एकटी परतते म्हणून थोडं स्वसंरक्षणही हवंय. आणि आई सहासष्टची. तिचं म्हणणं, "तुम्ही सगळे जाणार आणि मी काय घर राखत बसू?"

क्लासच्या जाहिराती बघितल्या तर सगळीकडे एकच मजकूर: वय ४ ते ७०, फिटनेस, शिस्त, आत्मविश्वास, स्वसंरक्षण, पदकं. सगळं एका छपराखाली मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. पण खरंच असं असतं का? कराटे, तायक्वांदो, ज्युदो, जुजुत्सू, मुआय थाय, क्राव मागा... नावं वाचूनच धाप लागली. ज्यांनी स्वतः केलंय किंवा मुलांना घातलंय त्यांनी लिहा. "मनात आणलं तर काहीही जमतं" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

---

उलटीकोलांटी

ते सगळं एका क्लासमध्ये मिळू शकतं, एका बॅचमध्ये नाही. गोम इथेच आहे. स्पर्धा खेळणाऱ्या पोराला दमछाक आणि तोडीस तोड जोडीदार लागतो, सात वर्षांच्या मुलीला खेळ लागतो, तुमच्या आईंना तोल सांभाळायला शिकायचंय. तिघांना एकाच तासात एकाच रांगेत उभं करणारे सर एक तर फार थोर असतात नाही तर बेफिकीर. थोर कितीसे असणार?

प्रकाराच्या नावावर फार भिस्त ठेवू नका. कराटेचंच घ्या. वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या नियमांत ठोसा आवरून मारायचा असतो, समोरच्याला जास्त लागलं तर दंड मारणाऱ्याला. क्योकुशिन हेही कराटेच, पण तिथे पूर्ण जोराने मारतात, फक्त हाताने तोंडावर मारायचं नाही. तायक्वांदोच्या स्पर्धेत लाथेला भाव आणि तोंडावर ठोसा मारायला बंदी. ज्युदोच्या लढतीत मारणं नाहीच. पकडायचं, फेकायचं, खाली दाबून ठेवायचं. मुआय थायमध्ये हात, पाय, कोपर, गुडघे सगळं चालतं. त्यामुळे क्लासवाल्यांना "कुठला प्रकार?" एवढं विचारून भागत नाही. "आठवड्यातला किती वेळ जोडीदाराबरोबर खरी झटापट असते आणि ती किती जोरात?" हे विचारा. उत्तर देताना कोण चाचरतं ते बघण्यासारखं असतं.

थोरल्याला ऑलिंपिकची स्वप्नं पडत असतील तर त्याला यादी आधीच दाखवा. ज्युदो १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आला, महिलांना पदकं मिळायला १९९२ उजाडलं. तायक्वांदो २००० पासून अधिकृत. कराटे फक्त २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकपुरतं होतं. २०२४ ला पॅरिसमध्ये नव्हतं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही नाही. कराटेला स्वतःच्या जागतिक स्पर्धा आहेतच, त्यामुळे त्याला कमी लेखत नाही. पण दहावीनंतर हे कळून पोरगं हिरमुसण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

---

खवट

कोलांटीशेठ, अर्धवट सहमत. प्रकार महत्त्वाचा नाही हे गुळमुळीत बोलणं झालं. काही प्रकारांत जोडीदार मनापासून विरोध करतो, काहींत तो शहाण्यासारखा पडून देतो. १९९३ च्या पहिल्या यूएफसीमध्ये (वेगवेगळ्या प्रकारांच्या लढवय्यांना एकमेकांशी लढवणारी अमेरिकन स्पर्धा) वजनगट नव्हते आणि नियम जेमतेम होते. तिथे त्यातल्या त्यात सडपातळ असलेल्या, ब्राझिलियन जुजुत्सू (बीजेजे) करणाऱ्या रॉइस ग्रेसीने एकामागोमाग एकाला जमिनीवर नेऊन शरण आणलं. वर्षानुवर्षं हवेत हात-पाय मारणाऱ्यांचे डोळे त्या दिवशी उघडले.

मी पूर्वी जिथे जायचो तिथे मनगट सोडवायचे इतके प्रकार शिकवायचे की वहीत लिहून ठेवावे लागायचे. एकदा घरी भावाला म्हटलं, धर मनगट. त्याने धरलं. सुटलं नाही. त्याने फक्त एकच गोष्ट वेगळी केली होती: मी जिकडे ओढेन तिकडे तो स्वतःही येत होता. क्लासमधला जोडीदार जागच्या जागी खांबासारखा उभा राहायचा ना!

---

उलटीकोलांटी

@खवट, तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं सिद्ध होतंय. दोष मनगट सोडवण्याचा नाही, सरावाच्या पद्धतीचा आहे. तीच सोडवणूक हळूहळू वाढत्या विरोधाविरुद्ध करून घेणारे शिक्षकही असतात. आणि बीजेजेच्या क्लासमध्येही नुसते व्हिडिओ बघून आलेले नवेनवे डाव दाखवणारे महाभाग असतातच की.

---

सावली

स्वसंरक्षणाचा मुद्दा आला म्हणून बरेच दिवसांनी लॉगिन केलं. मी महिलांच्या बॅच घेते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

चिंचपानताई, "थोडं स्वसंरक्षण" म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते अंधारातून अंगावर आलेला अनोळखी माणूस आणि आपण मारलेली लाथ. प्रत्यक्षात बायकांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतला असतो. तिथे लाथेच्या कितीतरी आधी काम सुरू होतं: हे बरोबर चाललेलं नाही हे ओळखणं, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून गप्प न बसणं, मोठ्या आवाजात "नाही" म्हणणं, तिथून निघणं. हात-पाय चालवणं त्यानंतर.

हे माझ्या पदरचं नाही. कॅनडात शार्लीन सेन यांच्या चमूने तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. तीन-तीन तासांची चार सत्रं, म्हणजे एकूण १२ तास. त्यातला शारीरिक बचावाचा भाग एका सत्रापुरता. बाकी वेळ धोका ओळखणं, मनातला संकोच ओलांडणं आणि स्वतःला काय हवं-नको हे स्पष्ट असणं यावर. वर्षभरानंतर पाहिलं तर नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. निम्म्याच्या जवळपास फरक! त्यासाठी काळा बेल्ट लागला नाही.

म्हणून "एका दुपारी बचावाचे २० डाव" अशा शिबिरात मैत्रिणींबरोबर मजा म्हणून जरूर जा, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका. चांगल्या शिबिरात डाव थोडे असतात आणि ओरडण्याचा सराव जास्त. माझ्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी बहुतेकींना ओरडताच येत नाही, आवाज घशातच अडकतो. ठोसा त्या मानाने लवकर जमतो.

आणि हो, सुसाट पळता येणं हे स्वसंरक्षणच आहे. कोणी हसू नका.

---

हाडांचा_मित्र

पेशाने फिजिओथेरपिस्ट. मार्शल आर्ट्सवाल्यांचे गुडघे आणि खांदे हा माझा रोजचा पाहुणचार, त्यामुळे थोडं खुपणारं बोलतो.

डोक्याच्या माराबद्दल क्लासचं धोरण काय, हे सगळ्यात आधी विचारा. डोक्याला मार लागून गरगरलं, उलटीसारखं झालं, क्षणभर काही सुचेना, तर त्या दिवशी परत मॅटवर जायचं नाही. शुद्ध हरपली नसली तरी नाही. नंतरही टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांना दाखवून. "थोडं पाणी मार तोंडावर, उठ" म्हणणारे सर असतील तर मुलाला घेऊन तडक घरी या.

हेल्मेट घातलं की झालं, हाही गोड गैरसमज. हेडगार्डने कातडं फाटायचं वाचतं. मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो तो हिंदकळतोच. म्हणूनच अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६ मध्ये सांगितलं की मुलांना आधी संपर्काविना चालणारे प्रकार शिकवा, तंत्र पक्कं झाल्यावर मग झटापटीकडे न्या.

फरशीवर लक्ष ठेवा. ज्युदोची मॅट साधारण ४ सेंमी जाड आणि दाट असते. योगासनांच्या पातळ चटया अंथरून त्यावर मुलांना फेकत असतील तर तिथे थांबू नका. मॅट रोज पुसतात का तेही विचारा. अंगाला अंग घासणाऱ्या प्रकारांत नायटा एकाकडून दुसऱ्याकडे फार झपाट्याने जातो. अशा मुलाला "बरं होईपर्यंत येऊ नकोस" असं सांगणारा क्लास चांगला.

चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांना एकच सांगणं: मन विशीचं असतं, पोटरीमागचा स्नायुबंध नसतो. पहिले काही महिने उड्या आणि उंच लाथा कमी, मांड्या-पोटऱ्यांची ताकद जास्त. लाथ कमरेएवढी गेली तरी पुष्कळ. चिंचपानताई, पाठ आधीपासून कुरकुरत असेल तर फेकाफेकीच्या प्रकाराआधी एकदा नीट तपासून घ्या. तुम्हाला बॉक्सिंग किंवा किकबॉक्सिंगची बॅगवरची बॅच मानवेल असं वाटतं, म्हणजे समोर माणूस नाही, पिशवी. दमही लागतो आणि कोणाचा तोल आपल्या अंगावर येत नाही.

---

निवृत्तनाथ

मी ७१. साठी उलटल्यावर ताई ची सुरू केलं, अजून चालू आहे. चिंचपान, तुमच्या आईंना माझ्याकडून शाबासकी सांगा!

आमच्याकडे २४ हालचालींचा संच शिकवतात. तो चीनमध्ये १९५६ मध्ये मुद्दाम सुटसुटीत करून बसवला होता, सर्वसामान्यांना जमावा म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं म्हातारे हवेत ढग सारताहेत. पण सगळं वजन एका पायावर हळूहळू नेऊन, दुसरं पाऊल टाच आधी टेकवून ठेवायचं, आणि तोपर्यंत वजन सोडायचं नाही, हे करून बघा. मांडी थरथरते. या वयात रात्री अंधारात बाथरूमला जाताना नेमकं हेच लागतं.

व्यायामाने म्हाताऱ्यांचं पडणं कमी होतं हे आता चांगलं सिद्ध झालंय. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि त्यात तोलाचे व्यायाम महत्त्वाचे होते. ताई चीचाही फायदा होतो असं त्यांचं म्हणणं, जरा हात राखून का होईना.

एक मात्र पक्कं. हाडं ठिसूळ असतील तर फेकणं-पडणं आपल्यासाठी नाही, हे सरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं. लाज कसली त्यात.

---

उलटीकोलांटी

+१ काका. पण पडायला शिकण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण माझ्या मते सगळ्या मार्शल आर्ट्समधलं रोजच्या जगण्यात कामी येणारं कौशल्य हे एकच. आयुष्यात मी कोणाला रस्त्यावर फेकलेलं नाही. ओल्या जिन्यावर आणि सायकलवरून मात्र पडलोय.

ज्युदोत पहिले काही आठवडे पडण्याचाच सराव असतो. मागे पडायचं असेल तर आधी बसकण मारायची, म्हणजे उंची कमी होते. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पोटाकडे; त्यामुळे डोक्याची मागची बाजू टेकत नाही. पाठ गोल, श्वास बाहेर. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात शरीरापासून थोडे लांब, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट, मॅटवर फाडकन आपटायचे. तळवा मागे टेकवून स्वतःला सावरायला जाणं ही उपजत खोड, मनगट मोडतं ते त्यानेच. ती खोड जायला वेळ लागतो, म्हणून रोज करून घेतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारेही प्रत्येक तासाची सुरुवात यानेच करतात.

ज्येष्ठांनी हे जाड गादीवर, गुडघ्यावर बसून सुरू करायचं, तेही हाडांची तपासणी झाल्यावर. नेदरलँड्समध्ये ज्येष्ठांना सुरक्षित पडायला शिकवणाऱ्या वर्गांत मार्शल आर्ट्समधलंच तंत्र वापरतात.

---

दोनपोरांची_आई

लहान मुलांबद्दल कोणी फारसं बोललं नाही म्हणून लिहिते. माझी दोघं तायक्वांदोला जातात.

चार ते सहा या वयात मार्शल आर्ट म्हणजे लोळणं, प्राण्यांसारखं चालणं, सरांनी टाळी वाजवली की पुतळा होणं. यापुढे काही शिकवतो असं कोणी म्हणालं तर माझ्या भुवया वर जातात. सात-आठला खरी तंत्रं सुरू होतात. रांगेत पाऊण तास उभं राहून दोनदा लाथ मारायला मिळत असेल तर तो क्लास नाही, रांग आहे. मुलं किती वेळ हलताहेत तेवढं मोजा.

दर दोन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला नवा बेल्ट आणि प्रत्येक वेळी वेगळे पैसे, असं दिसलं की सावध व्हा. एवढ्याशा मुलाला काळा बेल्ट मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी जरा माहिती काढा. कुक्किवॉन (तायक्वांदोची कोरियातली मुख्य संस्था) पंधराच्या आतल्यांना दान, म्हणजे काळ्या बेल्टचा दर्जा, देतच नाही, त्यांच्यासाठी पूम असा वेगळा दर्जा आहे, बेल्टही लाल-काळा. ब्राझिलियन जुजुत्सूत आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाने निळा बेल्टच सोळाव्या वर्षाआधी नाही, काळा एकोणीसआधी नाही.

आणि पालक म्हणून आपण आपलाच कान धरायचाय. जपानच्या ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. कारण काय, तर जिंकण्याच्या हव्यासापायी मोठी माणसं मुलांना वजन उतरवायला लावायची, पंचांवर ओरडायची. ज्युदो जिथे जन्मला त्यांना हे करावं लागलं!

चिंचपान, थोरल्याला वजनगटात बसवण्यासाठी उपाशी ठेवा असं कोणी सुचवलं तर तिथल्या तिथे नाही म्हणा. वाढतं वय आहे, वरच्या गटात खेळेल.

---

खवट

@दोनपोरांची_आई, बेल्टबद्दल शंभर टक्के सहमत. त्यात जोड: वर्षाची फी एकरकमी भरून घेणारे. आमच्या ओळखीतल्या एका क्लासने वर्षाचे पैसे घेतले आणि मधेच सर बदलले. नवे सर वेगळ्याच शैलीचे, जुने बेल्ट त्यांना मान्य नाहीत! महिन्याची फी घेणाऱ्याला दर महिन्याला चांगलं शिकवावं लागतं.

---

सावली

एक राहिलं होतं, आणि ते मुलांच्या बाबतीत सगळ्यात वरचं. पालकांना बसून बघू देतात का? "मुलं विचलित होतात" म्हणून कायमची दारं बंद असतील तर मी पोर तिथे पाठवणार नाही. सर मुलांना एकेकट्याला मेसेज करतात का, कपडे बदलायची जागा वेगळी आहे का, हेही विचारा. विचारल्याचा राग येणारा माणूस आपला शिक्षक नव्हे.

---

चिंचपान (धागाकर्ती)

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! धागा डोक्यात ठेवून क्लास बघून आले.

एके ठिकाणी गुळगुळीत फरशीवर लहान मुलं मुठींवर जोर काढत होती आणि सर मोबाइलवर. तिथून चहा संपवायच्या आत निघाले.

दुसरा ज्युदोचा. तपकिरी बेल्टवाला दांडगा गडी एका नवख्या, बारीक चणीच्या मुलीबरोबर जमिनीवरचा सराव करत होता. त्याने दंड पकडून वळवायला सुरुवात केली, पुरता वळवलाही नव्हता, तेवढ्यात तिने त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं, म्हणजे "हरले, सोड" अशी खूण. त्याने हात असा सोडला की जणू चटका बसला. मग उठून बसला, "कोपर कुठे होतं तुझं?" असं विचारून तिलाच तोच डाव स्वतःवर करायला लावला, आणि तिने धरल्यावर त्यानेही थोपटलं. बाजूने जाणाऱ्या सरांनी ढुंकूनही पाहिलं नाही, म्हणजे तिथे हे रोजचंच असणार. मला ते फार आवडलं.

त्यांच्याकडे मुलांची, स्पर्धकांची आणि मोठ्यांची बॅच वेगळी आहे. ज्येष्ठांसाठी काही नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. आईसाठी ताई ची दुसरीकडे शोधतेय. ती जरा फुगली आहे, तिला पांढरा पोशाख हवा होता.

दोन शंका. थोरला म्हणतो, एकदम एमएमएला (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे मारणं-पकडणं सगळं एकत्र) जातो. काय सांगू? आणि माझी एक मैत्रीण आहे, तिला खूप कमी दिसतं, तिलाही यायचंय. शक्य आहे का?

---

उलटीकोलांटी

तो टॅप केल्यावर, म्हणजे थोपटताच, हात सोडण्याचा प्रसंग वाचून बरं वाटलं. तिथेच घाला.

मैत्रिणीला नक्की घेऊन या. दृष्टिहीनांचं ज्युदो १९८८ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे, महिलांसाठी २००४ पासून. फरक मुख्यतः एवढाच की लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांची गी, म्हणजे ज्युदोचा जाड पोशाख, पकडलेली असते. पुढचं सगळं हाताला कळतं: समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे, तो ओढतोय की ढकलतोय. आम्हीही कधीकधी डोळे मिटून सराव करतो, आणि तेव्हा डोळसांचीच जास्त फजिती होते. सरांना आधी फोन करून ठेवा म्हणजे ते मॅटची कड आणि मोकळी जागा तिला दाखवून ठेवतील.

थोरल्याला सांगा की एमएमए खेळणारे बहुतेक जण आधी कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग असं काहीतरी एक वर्षानुवर्षं करून आलेले असतात. दोन-तीन वर्षं ज्युदो करू दे, मग विचारू.

---

हाडांचा_मित्र

आणि डोक्यावर मार बसेल असं स्पॅरिंग चौदाव्या वर्षी नकोच. फेकाफेकी, जमिनीवरची झटापट भरपूर करू दे, तेवढ्यातच रग जिरेल.

---

चिंचपान (धागाकर्ती)

ठरलं तर मग. सोमवारपासून आम्ही तिघं आणि मैत्रीण. गी आत्ताच विकत घेऊ का? धाकटीने आरशासमोर कमरेला ओढणी बांधायची प्रॅक्टिस सुरू केली आहे.

---

दोनपोरांची_आई

थांबा महिनाभर. धाकटीचं मन बदलू शकतं, आणि बरेच क्लास सुरुवातीला वापरायला जुनी गी देतात. तोपर्यंत चेन-बटण नसलेली ट्रॅकपँट आणि जाडसर टीशर्ट. हातापायांची नखं रविवारी रात्रीच काढून ठेवा, केस साध्या रबरने बांधा, क्लिप नको. कानातलं घरी. मॅटपर्यंत जायला चपला न्या, अनवाणी बाथरूमला जाऊन तसंच मॅटवर चढलात तर पहिल्याच दिवशी ओरडा खाल.